गोडबोल्या तोमेई

अंतराला खलनायक जमत नसत. घोडे जमत, पाऊस जमे, तलवारीच्या पात्यावरचा उजेड तर असा जमे की वाचणाऱ्याने पानावरून बोट फिरवतानाही जपून फिरवावं. पण दुष्ट माणूस काढायला बसली, की त्याच्या डोळ्यांत कुठून तरी केविलवाणेपणा उतरायचा. "तुझे सगळे दरोडेखोर जेवायचे राहून गेल्यासारखे दिसतात," असं जियाद म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

जियाद लिहायचा आणि अंतरा काढायची. दोघं दोहातल्या एका जाहिरात कंपनीत शेजारच्या टेबलांवर कामाला होते. जियाद मूळचा जॉर्डनचा, पण जन्मला आणि वाढला दोहातच. अंतरा नाशिकची, लग्नानंतर मिहीरबरोबर इथे आलेली. जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारता मारता दोघांना कळलं की शाळेत असताना दोघांनीही अभ्यासाच्या पुस्तकांखाली जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, लपवून वाचले होते. त्यातून त्यांची स्वतःची सामुराई मालिका सुरू झाली. तिचं नाव 'मिठाची वाट'. शिओरी नावाची एक तरुण तलवारबाज मीठ नेणाऱ्या काफिल्यांना डोंगरापलीकडे सुखरूप पोचवते, एवढीच गोष्ट. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. अरबी वाचणाऱ्या जियादला ती सवय जन्मापासूनची. अंतराला मात्र सुरुवातीला चौकटी उलट्या क्रमाने लावताना घाम फुटायचा.

मालिका इंटरनेटवर यायची, इंग्रजीत. हळूहळू वाचक वाढले, इथल्याच एका छोट्या प्रकाशकाने पहिले दोन भाग छापलेही. आणि मग वाचक तक्रार करायला लागले. शिओरीला तोडीस तोड कोणी भेटतच नाही, म्हणाले. येतो तो चोर, दोन पानांत रडतो आणि सुधारतो.

एका शनिवारी सकाळी जियाद अल मन्सूरातल्या अंतरा-मिहीरच्या फ्लॅटवर आला. खालच्या हॉटेलातून येताना डोसे घेऊन आला होता. मिहीरने चटण्या वाटीत काढल्या आणि जियादने बोटं पुसत नवा खलनायक सांगायला घेतला.

"याला भूतकाळ नाही," तो म्हणाला. "लहानपणी कोणी मारलं, बायको मेली, असलं काही नाही. लोकांनी त्याची कीव करायची नाही. खिंडीत त्याची तलवारबाजीची शाळा आहे. लहान मुलं शिकायला येतात. तो कधीच आवाज चढवत नाही, कधीच तलवार उपसत नाही. सगळं गोड बोलून. नाव तोमेई. त्याचा अर्थ पारदर्शक."

"आणि करतो काय?" मिहीरने विचारलं.

"मुलांकडून मुलांना मोडून घेतो. आणि मग त्यांच्याकडून आभार मानून घेतो."

अंतरा डोसा तसाच ठेवून उठली. तिने टॅबलेट मांडीवर घेतला आणि चेहऱ्याऐवजी आधी हात काढले. स्वच्छ, नखं नेटकी कापलेली, बोटं एकमेकांत हलकेच गुंतवलेली. मग बाहीतून डोकावणारी पांढऱ्या रुमालाची घडी. मग मान, किंचित तिरकी, समोरच्याचं फार लक्षपूर्वक ऐकत असल्यासारखी. शेवटी चेहरा. तो हसरा होता. डोळ्यांत केविलवाणं काहीसुद्धा नव्हतं.

जियादने टॅबलेट आपल्याकडे ओढून घेतला. "हा कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," अंतरा म्हणाली. "तूच सांगितलास ना."

पण ते खरं नव्हतं. ते हात देवीदास सरांचे होते.

नाशिकला गंगापूर रोडवर सरांचा चित्रकलेचा क्लास होता. अंतरा सातवीत असताना तिथे जायला लागली, शेजारच्या सोनमबरोबर. सर फार मृदू बोलत. आईबाबांना ते म्हणाले होते की पोरीच्या हातात काहीतरी आहे, आणि ते फक्त मला दिसतंय. आईबाबा हरखून गेले होते. चित्र बिघडलं तर सर रागवत नसत. ते शेजारी बसत, मन न दुखवता बोलत, आणि मग सोनमला बोलावत. 'तू तिची मैत्रीण ना? मग तिला मदत कर. हे फाड.' सोनम फाडायची. मग अंतराने सोनमचे आणि सरांचे आभार मानायचे. सोनमचं चित्र बिघडलं की अंतराची पाळी. सर रुमालाने स्वतःचे डोळे टिपत आणि म्हणत, 'मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय.'

वर्षभरात सोनम आणि ती एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. अंतराने डोकं दुखतं म्हणून क्लास सोडला. आई चिडली, एवढा चांगला शिक्षक मिळाला आणि ही पोरगी नखरे करते म्हणाली. अंतराने कधी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? त्यांनी हात उगारला नव्हता, शिवी दिली नव्हती. सांगण्यासारखं असं त्यात काही नव्हतंच.

आता मात्र तिचा हात थांबेना. तोमेईचं पहिलं प्रकरण तिने एका झपाट्यात काढलं. त्यात शाळेतला सगळ्यात लहान मुलगा, कोहेई, गुरूच्या चटईवर चहा सांडतो. गुरू तोमेई हसतो, स्वतःच्या रुमालाने चहा पुसतो, कोहेईच्या डोक्यावरून हात फिरवतो. मग कोहेईच्या जिवलग मित्राला जवळ बोलावतो आणि विचारतो, याचं कोणतं बोट मोडायचं ते तू ठरव, कारण याच्यावर सगळ्यात जास्त माया तुझी आहे. पुढच्या पानावर बोट मोडताना दाखवलेलं नाही. फक्त बाकीच्या मुलांच्या पाठी आहेत, ताठ, एका ओळीत. शेवटच्या चौकटीत तोमेई कोहेईच्या बोटावर फुंकर घालतोय, आणि कोहेई म्हणतोय, "आभारी आहे, गुरुजी."

मिहीरने ते वाचलं आणि टॅबलेट पालथा घातला. तो पुण्याचा, गॅस कंपनीत पाइपलाइनची तपासणी करणारा, सहसा न हलणारा माणूस. "हा माणूस घरात नको बाई," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कोणाला बघून काढलास?"

"सांगेन कधीतरी."

"बरं," म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

प्रकरण प्रसिद्ध झालं आणि वाचकांनी अक्षरशः शिव्यांची लाखोली वाहिली, अर्थात तोमेईला. इतका नीच माणूस आजवर वाचला नाही, याला मारा, याचे तुकडे करा. जियाद ऑफिसात खुर्चीवर गोल गोल फिरत प्रतिक्रिया मोठ्याने वाचत होता. अंतरालाही बरं वाटलं. कुठेतरी आत अडकलेला घास खाली उतरल्यासारखं.

पण दोन-तीन प्रकरणं झाल्यावर वारं फिरलं. वाचकांना तोमेई आवडायला लागला. काय स्टाइल आहे, म्हणायला लागले. त्याचा तो रुमाल, ती तिरकी मान, ते शांत हसू. तोमेईच्या तोंडचं 'मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय' हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. कोणी त्याचे स्टिकर केले, कोणी मोबाइलचं कव्हर. प्रकाशकाने कळवलं की पुढच्या छापील भागाच्या मुखपृष्ठावर शिओरी नको, तोमेई हवा.

"आपण जिंकलो," जियाद म्हणाला.

अंतरा परत टेबलावरच्या कामाकडे वळली. ज्या माणसाचं नाव ती अजून तोंडावर आणत नव्हती, त्याला तिने आपल्याच हाताने देखणा केला होता.

हिवाळा सुरू झाला तसा अल रय्यानमधल्या एका मॉलमध्ये कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरला. अंतरा आणि जियादलाही एक टेबल मिळालं होतं. पुस्तकांवर सह्या करायच्या आणि हवं असेल त्याला पटकन एक चित्र काढून द्यायचं. रांग बरी होती. रांगेत राखाडी झगे घालून, बाहीत पांढरे रुमाल खोचून आलेली पोरं होती, तोमेई झालेली. एकाने मित्राचं बोट धरून ते मोडल्याचं नाटक केलं आणि दोघं हसत सुटले. अंतरा सही करता करता थबकली. जियादने तिच्याकडे पाहिलं, पण गर्दीत विचारायला सवड नव्हती.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. पंधरा-सोळा वर्षांची, डोक्यावर निळा स्कार्फ, खांद्याला बॅडमिंटनची पिशवी. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. तिने इंग्रजीतच विचारलं, "तुम्ही त्याला ओळखता का?"

"कोणाला?"

"तोमेईला." ती हसत नव्हती. "म्हणजे, तो कसा बोलतो ते तुम्हाला कसं कळलं?"

अंतरा उत्तर देणार तेवढ्यात मिहीरचा फोन आला. "हो, जेवले. नंतर करते, इथे कोणीतरी आलंय," असं म्हणून तिने ठेवला, तर मुलगी चमकून बघत होती.

"तुम्ही मराठी? आमच्या घरी कोकणी बोलतात. चिपळूणच्या बाजूची."

"मग ये, बस," अंतरा म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. जियादने न सांगता आपलं बूड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं.

मुलीचं नाव अमिना. घर उत्तरेला, मदिनत अश शमालमध्ये. वडील सुफियान, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. ती इथे अल रय्यानमधल्या एका खाजगी अकादमीत बॅडमिंटन शिकत होती. वडील आठवड्यातून तीनदा दुकान लवकर बंद करून तिला एवढ्या लांब गाडीने आणत आणि ती खेळेपर्यंत बाहेर थांबत. आजही तिथूनच आली होती. मराठी आणि इंग्रजी मिसळून, खाली बघत, ती हे सांगत होती. मूळ मुद्द्यापाशी येत नव्हती.

"तुमचे सर काय म्हणतात?" अंतरानेच विचारलं.

अमिनाने मान वर केली. मग ते बाहेर आलं, सलग, जणू पाठ केल्यासारखं. सर कधीच ओरडत नाहीत. मॅच हरली की सर तिच्या मैत्रिणीला बोलावतात, आणि मैत्रिणीने सगळ्यांसमोर हिच्या चुका सांगायच्या. मग हिने थँक यू म्हणायचं. आवाज बारीक आला तर परत म्हणायचं. वजनकाट्यावर उभं करून आकडा मैत्रिणीनेच मोठ्याने वाचायचा. मनगट दुखतंय म्हटलं तर सर म्हणतात, दुखतंय ते तुझं मनगट नाही, तुझा आळस दुखतोय. आणि मग हळू आवाजात म्हणतात की मला तुझ्यापेक्षा जास्त त्रास होतो.

"माझी मैत्रीण आता बोलत नाही माझ्याशी," अमिना म्हणाली. "मीपण नाही बोलत. आणि तो काय वाईट करतो, ते मला सांगता येत नाही. मोठ्याने सांगितलं तर काहीच वाटत नाही. तुमचं पुस्तक वाचलं तेव्हा मला वाटलं की ह्यांना माहीत आहे."

अंतराने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझे चित्रकलेचे सर होते. त्यांचं नाव देवीदास. मी तुझ्याहून लहान होते. आणि मी कोणाला सांगितलं नाही, कारण मलाही वाटायचं की सांगण्यासारखं काही नाहीये."

हे नाव तिने मोठी झाल्यापासून पहिल्यांदा कोणापुढे उच्चारलं होतं. मिहीरपुढेही नव्हतं.

"घरी बोललीस?"

"अब्बांना सर खूप आवडतात. सरांनी त्यांना सांगितलंय की मी नॅशनल खेळेन. अब्बा दुकानात येईल त्याला सांगतात." तिने मॉलच्या दाराकडे बघितलं. "ते बाहेर आहेत. कडक चहा पितायत. तुम्ही त्यांना हा दाखवाल का? हे पुस्तक? मला बोलता येणार नाही. तुम्ही फक्त वाचून दाखवा."

अंतराने जियादकडे पाहिलं. तो उठला आणि म्हणाला, "टेबल मी बघतो. यल्ला, चल, जा."

सुफियानभाई बाहेरच्या सावलीत, कागदी कप घेऊन बसले होते. रुंद हातांचा, उन्हाने रापलेला माणूस. हाताच्या रेषांत इंजिनाचं काळं तेल कायमचं मुरलेलं. अमिनाने ओळख करून दिली तसे ते उठून उभे राहिले. "ताई, तुम्ही हिची ती पुस्तकं काढता? दिवसभर डोकं घालून बसते त्यात. बसा, बसा. चहा सांगू?"

"चहा नंतर," अंतरा म्हणाली. "तुम्हाला एक प्रकरण वाचून दाखवू का? अमिनाची इच्छा आहे."

त्यांना गंमत वाटली. पण ते सभ्य माणूस होते, हो म्हणाले.

अंतराने पुस्तक उघडलं आणि इंग्रजी फुग्यांमधली वाक्यं तिथल्या तिथे मराठीत करून वाचायला लागली. वाचताना तिच्या लक्षात आलं की ही वाक्यं मराठीत आणायला काही कष्टच पडत नाहीयेत. ती मुळात मराठीतच होती. तिनेच ती जियादला इंग्रजीत करून दिली होती. "चहा सांडला म्हणून कोणी रागावतं का, बाळा? इकडे ये. घाबरू नकोस. तू माझा आहेस." सुफियानभाई चित्रं बघत होते, मान डोलवत होते. "चांगला मास्तर दिसतोय," म्हणाले.

अंतराने पान उलटलं.

"तुझ्या आईवडिलांना जे दिसत नाही, ते मला दिसतं," अंतराने वाचलं. "म्हणून तर तू माझ्याकडे आहेस."

सुफियानभाईंची मान डोलायची थांबली. "हे परत वाचा."

तिने परत वाचलं.

"हे असंच," ते सावकाश म्हणाले, "हिच्या सरने मला सांगितलं होतं. हिंदीत. सुफियानभाई, आप को जो नहीं दिखता वो मुझे दिखता है. मला बरं वाटलं होतं. आमच्या घरात कोणी खेळलेला नाय ताई, मला काय दिसणार?" ते थांबले. "पुढे वाचा."

पुढे मित्राला बोलावणं आलं. बोट निवडणं आलं. ताठ पाठी आल्या, एका ओळीत. अंतरा वाचत गेली आणि त्यांची नजर हळूहळू पानावरून उठून मुलीवर गेली. "आभारी आहे, गुरुजी," हे शेवटचं वाक्य वाचून तिने पुस्तक मिटलं.

मग सुफियानभाईंनी हात पुढे केला आणि अमिनाने आपला उजवा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी बाही मागे सारली. मनगट सुजलेलं होतं, आणि सूज कालपरवाची नव्हती. त्यांनी अंगठ्याने अगदी हलकं दाबून पाहिलं. अमिनाने ओठ आवळले.

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून."

"आणि मला बोलली नाय तू?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलेलं, अब्बा. नॅशनलचं."

त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही. आवाज न चढवता म्हणाले, "मी त्याला घरी जेवायला बोलावलेला. तुझ्या आईने त्याच्यासाठी कोलंबी केलेली." मग मुलीचा हात तिच्या मांडीवर जपून ठेवला. "खलास. आता जायचं नाय तिथे. खेळायचं असेल तर खेळ, नसेल तर नको. त्या माणसासमोर उभं राहायचं नाय."

अमिना रडली नाही. तिने मोठा श्वास घेतला, इतका मोठा की बाजूने जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. सुफियानभाई उठले, चहाच्या टपरीवर गेले, आणि तीन कप घेऊन आले. पाठमोरे असताना त्यांनी बाहीने डोळे पुसले होते, ते दोघींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी अंतराने मिहीरला देवीदास सरांबद्दल सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि ती सोनम कुठे असते आता?" तिला माहीत नव्हतं. त्यालाच आधी सुचलं की शोधायला काय हरकत आहे.

सोनम ठाण्याला होती, एका शाळेत गणित शिकवत होती. दोघी फोनवर आधी नुसत्याच एकमेकींच्या घरच्यांची, आईवडिलांची चौकशी करत राहिल्या. मग सोनम म्हणाली, "मी तुझी पाच-सहा चित्रं तरी फाडली असतील गं. एक घोड्याचं होतं. फार छान होतं ते. मला तेव्हाच कळत होतं की ते छान आहे." दोघींनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.

ऑफिसात मात्र खडाजंगी झाली. जियादने तोमेईचा शेवट लिहून आणला होता. बर्फात, पुलावर, शिओरी आणि तोमेई समोरासमोर. तोमेई आयुष्यात पहिल्यांदा तलवार उपसतो. वीस पानांचं द्वंद्व, आणि शेवटी तो हसत दरीत पडतो, त्याचा रुमाल वाऱ्यावर तरंगत राहतो.

"हे मी काढणार नाही," अंतरा म्हणाली.

"का? हे आपलं सगळ्यात भारी प्रकरण होईल."

"म्हणूनच. एवढं सुंदर मरण त्याला द्यायचं नाही. पोरं त्याची पोस्टरं भिंतीवर लावतील."

"मग काय करायचं? शिओरीने त्याला सोडून द्यायचं?"

"शिओरी शाळेत जाते आणि तलवार बाहेर ठेवते. अंगणात बसते. एकेका मुलाला विचारते, तुझं नाव काय, इथे काय झालं. पहिल्यांदा कोणी बोलत नाही. मग कोहेई बोलतो. मग त्याचं बोट मोडणारा मित्र बोलतो. मग सगळे. आणि बोलून झालं की उठून डोंगर उतरायला लागतात."

"आणि तोमेई?"

"तो गोड बोलत राहतो. ऐकायला कोणी नसतं."

जियादने कपाळाला हात लावला. "सामुराई मांगा आहे हा, अंतरा. लढाई कुठे आहे यात?"

"कोहेई तोंड उघडतो तीच."

तो चिडून निघून गेला. दोन दिवस टेबलाशेजारी बसून तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवी पानं तिच्या टेबलावर ठेवली. पुलाचा प्रसंग नव्हता. अंगण होतं. "मी लहान असताना माझा एक मामा होता," तो म्हणाला, आणि पुढे काही सांगितलं नाही. अंतराने पानं वाचायला घेतली. त्याने लिहिलेलं चांगलं होतं, फक्त कोहेईच्या तोंडी वाक्यं फार होती. ती तिने कमी केली.

प्रकरण आलं तेव्हा अर्धे वाचक संतापले. आम्ही एवढी वाट पाहिली ती गप्पा वाचायला का, म्हणाले. मुखपृष्ठावर शिओरीच राहिली म्हणून प्रकाशकाने नाक मुरडलं. पण दुसऱ्या काही वाचकांनी वेगळंच लिहिलं. त्यात त्यांचे शिक्षक होते, काका होते, बॉस होते. जियाद आता प्रतिक्रिया मोठ्याने वाचत नसे. मात्र प्रत्येकाला उत्तर देत होता.

सुफियानभाईंनी अकादमीतल्या बाकीच्या पालकांना फोन केले होते. एका बापाने त्यांनाच सुनावलं की तुमच्या पोरीला झेपलं नाही म्हणून आमच्या पोरीचं नुकसान करू नका. दुसऱ्या घरी आईने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे मुलीला हाक मारली. ती मुलगी म्हणजे अमिनाची तीच मैत्रीण. पाच-सहा जणी मिळून व्यवस्थापकांसमोर बसल्या आणि बोलल्या. सरांना तिथून काढलं. ते दुसरीकडे कुठे शिकवायला लागतील का, हे कोणालाच माहीत नव्हतं. सुफियानभाई म्हणाले की जिथे दिसेल तिथे मी जाऊन सांगेन, मला आता बोलायला येतं.

मनगट बरं व्हायला वेळ लागला. वसंतात, अजून ऊन तापायचं होतं तेव्हा, सुफियानभाईंनी तिघांना शुक्रवारी शमालला जेवायला बोलावलं. अंतरा, मिहीर आणि जियाद गाडीने गेले. कोलंबीची कढी होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि अमिनाची आई प्रत्येकाच्या ताटात न विचारता वाढत होती. जियादने भाकरी कशी मोडायची ते मिहीरकडे बघून शिकून घेतलं आणि चार खाल्ल्या.

जेवणानंतर सगळे घरामागच्या मोकळ्या जागेत आले. समुद्र जवळच असल्यामुळे वारा सुटला होता. दोन खांबांना मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं होतं. अमिनाने रॅकेट डाव्या हातात घेतली; उजव्याला डॉक्टरांनी अजून जोर लावू दिला नव्हता. समोर सुफियानभाई होते, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडून. वारा प्रत्येक फूल भलतीकडे न्यायचा. ती दहातले आठ फटके चुकवत होती आणि चुकला की वैतागून स्वतःलाच काहीतरी म्हणत होती, मग हसत होती.

"ताई, तुम्ही या माझ्या बाजूने," तिने हाक मारली. "अब्बा चीटिंग करतात."

अंतराने आयुष्यात कधी रॅकेट धरली नव्हती. तिने चप्पल काढली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि जाळ्यापाशी जाऊन उभी राहिली. पहिलं फूल तिच्या डोक्यावरून गेलं. दुसरं तिने डोळे मिटून मारलं, आणि ते जाळ्यापलीकडे पडलं.